घरगुती डीव्हीडी टॅबलेटसाठी रूपांतरित करताना फाईलचा आकार आणि चित्राचा दर्जा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरातल्या बहुतेक घरांच्या कपाटात लग्नाच्या, मुंजीच्या, शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या आणि गड्ड्याच्या (सिद्धेश्वराच्या) यात्रेच्या डीव्हीडी आजही जपून ठेवलेल्या असतात. मात्र त्या लावण्यासाठी प्लेअर घरात उरलेला नसतो आणि नव्या लॅपटॉपला डिस्कचा खण नसतो. ते चित्रीकरण टॅबलेटवर घ्यायचे ठरले की पहिला प्रश्न जागेचा येतो आणि दुसरा चित्र खराब होण्याच्या भीतीचा. आमच्याकडे पुन्हा पुन्हा विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरे येथे दिली आहेत. येथे सांगितलेले आकडे हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरला धरून आहेत, कारण ते विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालते.

तीन तासांच्या लग्नाच्या डीव्हीडीची फाईल किती मोठी असावी?

दीड ते अडीच जीबीच्या दरम्यान ती बसली, तर आठ-दहा इंची टॅबलेटवर बहुतेकांना मूळ डिस्कमध्ये आणि फाईलमध्ये फरक जाणवत नाही. हिशेब मनातल्या मनात करता यावा यासाठी एक आकडा लक्षात ठेवावा : सेकंदाला १ मेगाबिट (१००० किलोबिट) या दराने, म्हणजे दर सेकंदाच्या चित्रीकरणाला एवढी माहिती खर्च केली तर, एका तासाचे ४५० एमबी होतात. चित्राला १५०० किलोबिट आणि आवाजाला १६० किलोबिट असा दर धरला, तर तीन तासांचे सुमारे २.२४ जीबी होतात; चित्र १००० आणि आवाज १२८ किलोबिट केला, तर तेच काम सुमारे १.५२ जीबीमध्ये होते. मात्र आकडा आधी ठरवून त्यात चित्र कोंबण्यापेक्षा दर्जा ठरवावा आणि आकार जो येईल तो येऊ द्यावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. त्याचे कारण पुढे येईल.

डीव्हीडीवर ४.७ जीबी लिहिलेले असते, पण लॅपटॉप ४.३८ दाखवतो. काही भाग गहाळ आहे का?

नाही. डिस्क बनवणारे १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरतात आणि विंडोज १०२४ च्या पटीत मोजते, एवढाच तो फरक आहे. दोन थरांच्या डिस्कवरचे ८.५ जीबीही याच कारणाने आठच्या आत दिसतात.

फाईल निम्म्याहून लहान झाली, तरी चित्र तसेच कसे राहते?

डीव्हीडीवरचे चित्र एमपेग-२ या पद्धतीने साठवलेले असते आणि ही पद्धत १९९० च्या दशकातली आहे. २००३ मध्ये आलेली एच.२६४ ही पद्धत मागच्या-पुढच्या चौकटींमधले, म्हणजे व्हिडिओतल्या एकामागोमाग येणाऱ्या स्थिर चित्रांमधले, साम्य अधिक हुशारीने ओळखते, त्यामुळे तेच दृश्य साठवायला तिला पुष्कळ कमी जागा पुरते. काहीच गमावले जात नाही असे मात्र नाही. प्रत्येक रूपांतरात थोडे तपशील जातातच; ते डोळ्यांना कळू नयेत एवढेच आपल्या हातात असते. म्हणूनच एकदा रूपांतरित केलेली फाईल पुन्हा रूपांतरित करू नये आणि दर वेळी मूळ डिस्कपासूनच सुरुवात करावी.

येथे मूळ डिस्क किती भरलेली आहे हेही पाहावे लागते. एका थराच्या (४.७ जीबीच्या) डिस्कवर दीड तासाचे चित्रीकरण असेल, तर सेकंदाला सरासरी सात मेगाबिटच्या आसपास जागा मिळालेली असते. त्याच डिस्कवर तीन तास बसवले असतील, तर जेमतेम साडेतीन मेगाबिट उरतात. एकाच डिस्कवर सगळे लग्न बसवण्याच्या आग्रहापायी अनेक डिस्कमध्ये मूळ चित्रातच ठोकळे आलेले असतात. असे ठोकळे रूपांतराने जात नाहीत, आणि ते जपण्यासाठी मोठी फाईल करणे म्हणजे जागा वाया घालवणे होय.

हँडब्रेकमध्ये दर्जाचा कोणता आकडा निवडावा?

व्हिडिओच्या पानावर ‘कॉन्स्टंट क्वालिटी’ हा पर्याय असतो आणि त्याखाली आरएफ या नावाची सरकपट्टी असते. या पट्टीवर आकडा जितका लहान तितका दर्जा अधिक आणि फाईल मोठी, ही उलटी चाल आधी ध्यानात घ्यावी. नवख्यांचा गोंधळ बहुधा येथेच होतो. डीव्हीडीच्या मापाच्या चित्रासाठी हँडब्रेकची शिफारस १८ ते २२ अशी आहे. टॅबलेटसाठी २० पासून सुरुवात करावी. आकडा ६ ने वाढवला की फाईल साधारण निम्मी होते आणि ६ ने कमी केला की साधारण दुप्पट होते, म्हणजे २० ऐवजी २२ केल्याने जवळपास पाचवा हिस्सा वाचतो. १८ च्या खाली जाण्यात डीव्हीडीच्या बाबतीत काही अर्थ नाही, कारण जे तपशील मूळ डिस्कमध्येच नाहीत ते कोणताही आकडा आणून देऊ शकत नाही.

तरीही आम्ही दिलेला आकडा डोळे झाकून घेऊ नये. संपूर्ण डिस्क लावण्याआधी त्यातले सर्वांत अवघड एक मिनिट निवडावे आणि तेवढेच रूपांतरित करून पाहावे. हँडब्रेकमध्ये ‘रेंज’ या ठिकाणी सेकंद देऊन हे करता येते. लग्नाच्या चित्रीकरणात हे मिनिट बहुधा अक्षतांचे असते. शेवटचे मंगलाष्टक संपताच चारी बाजूंनी तांदूळ उडतात, लोक एकदम उठतात, फोटोग्राफरचे फ्लॅश चमकतात आणि कॅमेरा धरणाऱ्याचा हातही हलतो. त्या क्षणी जवळजवळ प्रत्येक ठिपका बदलत असल्यामुळे मागच्या चौकटीतले काहीही पुन्हा वापरता येत नाही. नवरीच्या शालूचे काठ आणि हवेतले अक्षतांचे दाणे वेगवेगळे ओळखू येत असतील, तर उरलेले तीन तास निश्चिंतपणे सोडून द्यावेत. दाणे एकमेकांत मिसळून पांढरट धुके दिसत असेल, तर आकडा २० चा १९ किंवा १८ करावा. ही तपासणी संगणकाच्या मोठ्या पडद्यावर न करता ज्या टॅबलेटवर पाहायचे आहे त्यावरच, आणि नेहमी धरतो तेवढ्याच अंतरावर धरून करावी. पडदा थांबवून, चित्र मोठे करून दोष शोधत बसलो, तर कोणताच आकडा पुरा पडत नाही.

एकाच आकड्यावर दोन डिस्क केल्या. एक एका जीबीत बसली, दुसरी तीन जीबीची झाली. काही चुकले का?

काही चुकलेले नाही; ‘कॉन्स्टंट क्वालिटी’ याच पद्धतीने काम करते. स्टँडवर कॅमेरा ठेवून घेतलेले तासाभराचे कीर्तन किंवा नाटक घ्या : पाठीमागचा पडदा तोच, उजेड तोच, हलते फक्त माणूस. अशा फाईलला जागा फार लागत नाही. याउलट सिद्धेश्वर यात्रेचे चित्रीकरण घ्या. पांढऱ्या बाराबंदीतल्या भक्तांची दाटी, गर्दीच्या वर डोलणारे नंदीध्वज, आणि रात्री होम मैदानावरचे शोभेचे दारूकाम, म्हणजे काळ्या आकाशात क्षणाक्षणाला फुटणाऱ्या हजारो ठिणग्या. त्या दारूकामाच्या काही मिनिटांना कीर्तनाच्या अर्ध्या तासाएवढी जागा लागली, तरी नवल वाटू नये.

आकार फुगण्याचे दुसरे आणि अधिक त्रासदायक कारण म्हणजे चित्रातल्या मुंग्या. कमी उजेडात घेतलेल्या चित्रीकरणात किंवा जुन्या कॅसेटवरून डीव्हीडीवर उतरवलेल्या चित्रात सतत सळसळणारे ठिपके असतात. सॉफ्टवेअरला ते खरे तपशील वाटतात आणि ते इमानेइतबारे साठवण्यात जागा खर्च होते. अशा वेळी ‘डीनॉइज’ हा फिल्टर हलक्या पातळीवर लावावा. फाईल लक्षात येण्याइतकी लहान होते आणि चित्रही शांत दिसते. जोरकस पातळी मात्र टाळावी, कारण मग आजीच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्याही मुंग्यांबरोबर पुसल्या जातात आणि चेहरा मेणाचा दिसू लागतो.

मेमरी कार्डवर ठरावीकच जागा आहे. तेव्हा काय करावे?

तेव्हा मात्र ‘ॲव्हरेज बिटरेट’ हा पर्याय घ्यावा आणि त्यासोबत दोन फेऱ्यांची खूण करावी. पहिल्या फेरीत सॉफ्टवेअर चित्रातले सोपे आणि अवघड भाग तपासून घेते आणि दुसऱ्या फेरीत उपलब्ध जागा त्याप्रमाणे वाटते. समजा कार्डवर २० जीबी मोकळे आहेत आणि तीन-तीन तासांच्या आठ डिस्क घ्यायच्या आहेत. प्रत्येकीच्या वाट्याला २.५ जीबी येतात, म्हणजे तासाला सुमारे ८३३ एमबी. त्याला ४५० ने भागले की १.८५ मेगाबिट मिळतात. त्यातून आवाजाचे १६० किलोबिट वजा करून आणि थोडी मोकळीक ठेवून चित्राला १६५० किलोबिट द्यावेत. भागाकार करून चित्राच्या वाट्याला १००० किलोबिटच्या खालचा आकडा येत असेल, तर सर्वांचा दर्जा पाडण्याऐवजी एखादी डिस्क मागे ठेवावी.

हालचाल होताच कंगव्याच्या दातांसारख्या आडव्या रेषा दिसतात. हा दोष कशाचा?

हा दोष डिस्कचा नाही आणि कमी जागेचाही नाही, त्यामुळे फाईल कितीही मोठी केली तरी तो जात नाही. आपल्याकडच्या डीव्हीडी पाल पद्धतीच्या असतात : चित्र ७२० गुणिले ५७६ ठिपक्यांचे आणि सेकंदाला २५ चौकटी. जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यांनी घेतलेली यातली प्रत्येक चौकट दोन अर्ध्या चित्रांची बनलेली असते. एकात सम क्रमांकाच्या रेषा, दुसऱ्यात विषम, आणि दोन्हींत सेकंदाच्या पन्नासाव्या भागाचे अंतर. जुना टीव्ही ती एकापाठोपाठ एक दाखवत असे, म्हणून तेव्हा काही खटकत नसे. टॅबलेट ती एकत्र दाखवतो. मधल्या वेळात हलगी वाजवणाऱ्याचा हात पुढे सरकलेला असतो आणि त्याच्या कडा फाटल्यासारख्या दिसतात. इरकल साडीचे बारीक पट्टे किंवा खणाच्या चोळीची वीण असेल, तर थोड्याशा हालचालीनेही ती लुकलुकू लागते.

यासाठी फिल्टरच्या पानावर ‘डीइंटरलेस’ सुरू करावे. यादिफ किंवा बीडब्ल्यूडिफ यांपैकी कोणतेही चालेल. ‘डीकोंब’ हा पर्याय फक्त रेषा दिसणाऱ्या चौकटींनाच हात लावतो, म्हणून ज्या डिस्कवर काही भाग असा आणि काही तसा आहे तिच्यासाठी तो बरा. आकाराच्या दृष्टीनेही हे काम आधी करणे गरजेचे आहे, कारण त्या दातेरी कडा साठवण्यासाठी सॉफ्टवेअर विनाकारण जागा खर्च करते आणि खऱ्या तपशिलांना ती कमी पडते.

नाच, लेझीम किंवा खेळ यांचे चित्रीकरण असेल, तर ‘बॉब’ हा उपपर्याय घेऊन पाहावा. तो दोन अर्ध्या चित्रांपासून दोन पूर्ण चौकटी बनवतो, त्यामुळे सेकंदाला ५० चौकटी मिळतात आणि हालचाल मूळ टीव्हीवर दिसत असे तशी सळसळीत राहते. फाईल दुप्पट होत नसली तरी बऱ्यापैकी वाढते. लेझीमच्या बाबतीत ती वाढ आम्हाला रास्त वाटते. मंगल कार्यालयातल्या जेवणाच्या पंगतीसाठी ती करण्याचे कारण नाही.

चित्र एचडी करून घेतले, तर टॅबलेटवर अधिक स्पष्ट दिसेल ना?

नाही. ७२० गुणिले ५७६ ठिपक्यांचे चित्र १९२० गुणिले १०८० चे केल्याने फाईल वाढते, तपशील वाढत नाहीत. पडद्याएवढे चित्र ताणण्याचे काम टॅबलेट स्वतः चालवतानाच करतो. डीव्हीडीचे माप तसेच ठेवावे.

माणसे लांबट किंवा बसकी का दिसतात?

डीव्हीडीवरचे ठिपके चौरस नसतात. त्याच ७२० ठिपक्यांच्या रुंदीतून जुन्या टीव्हीच्या मापाचे चित्र ७६८ एवढे आणि रुंद पडद्याचे चित्र १०२४ एवढे पसरून दाखवायचे असते. हँडब्रेकमध्ये ‘ॲनामॉर्फिक’ हे ‘ऑटोमॅटिक’ ठेवले, तर ही सूचना फाईलमध्ये लिहिली जाते आणि चेहरे प्रमाणात दिसतात. जुन्या चित्राच्या दोन्ही बाजूंना टॅबलेटवर काळे पट्टे उरतील. ते उरू द्यावेत.

एच.२६५ वापरले तर जागा आणखी वाचेल का?

वाचेल, सारख्या दर्जासाठी फाईल लक्षणीय लहान होते. २०१३ मध्ये आलेली ही पद्धत आजचे बहुतेक टॅबलेट सहज चालवतात. अडचण जुन्या आणि स्वस्त टॅबलेटची आहे. ज्यात या पद्धतीसाठी वेगळी सोय नसते, तेथे सगळा भार मुख्य प्रोसेसरवर पडतो, चित्र अडखळते, टॅबलेट तापतो आणि बॅटरी लवकर उतरते. हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला जाताना पाहायला म्हणून घेतलेली फाईल निम्म्या वाटेत टॅबलेट बंद पाडणार असेल, तर वाचवलेल्या काही शे एमबींचा उपयोग नाही. शिवाय रूपांतराला वेळही बराच अधिक लागतो. घरातल्या दोन-तीन वेगवेगळ्या उपकरणांवर फाईल फिरणार असेल, तर एच.२६४ ही पद्धत आणि एमपी४ हे फाईलचे स्वरूप हीच जोडी ठेवावी.

आवाजासाठी किती जागा सोडावी?

या प्रश्नाकडे सहसा दुर्लक्ष होते. काही डिस्कवर आवाज अजिबात न दाबता साठवलेला असतो आणि त्याचा दर सेकंदाला १५३६ किलोबिट असतो. तो तसाच ठेवला, तर तीन तासांच्या नुसत्या आवाजाचे २ जीबीहून अधिक होतात, म्हणजे चित्राइतकेच. त्याऐवजी एएसी पद्धतीत १६० किलोबिट द्यावेत. टॅबलेटच्या स्पीकरवर किंवा इअरफोनवर सनई-चौघडा आणि मंगलाष्टके त्यात व्यवस्थित ऐकू येतात. नुसते भाषण किंवा प्रवचन असेल, तर ९६ किलोबिटही पुरतात. संगीत मैफलीचे चित्रीकरण असेल, तर १९२ द्यावेत आणि काटकसर चित्रात करावी.

रूपांतराला फार वेळ लागतो. वेग वाढवला तर दर्जा जातो का?

‘प्रीसेट’ची पट्टी जलदकडे नेली, तर सॉफ्टवेअर साम्य शोधण्याचे कष्ट कमी घेते, त्यामुळे त्याच आरएफ आकड्यावर फाईल सहसा मोठी होते. सावकाशकडे नेली, तर वेळ वाढतो आणि बहुधा जागा वाचते. ‘मीडियम’ किंवा ‘स्लो’ यांच्या पलीकडे जाऊन मिळणारा फायदा अगदीच किरकोळ असतो.

सोलापूरच्या उन्हाळ्याचा मात्र येथे खरोखर संबंध येतो. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर असताना लॅपटॉप तासन्‌तास पूर्ण ताकदीने चालवला, तर तो तापून आपला वेग आपोआप कमी करतो. रांगेत डिस्क लावून काम रात्री सोडावे, लॅपटॉप गादीवर किंवा चादरीवर न ठेवता टणक पृष्ठभागावर ठेवावा. डेस्कटॉपला यूपीएस नसेल आणि वीज जाण्याची शक्यता असेल, तर फाईल एमकेव्ही स्वरूपात करावी. एमपी४ फाईलची अनुक्रमणिका सहसा अगदी शेवटी लिहिली जाते, त्यामुळे मध्येच वीज गेली तर झालेले सगळे काम निरुपयोगी ठरते. अर्धवट एमकेव्ही फाईल मात्र तेथवर बहुधा चालते.

डीव्हीडीच्याही आधीच्या व्हीसीडी आहेत. त्यांचे काय करावे?

त्या रूपांतरित करूच नयेत. व्हीसीडीवरचे चित्र ३५२ गुणिले २८८ एवढेच असते आणि मिनिटाला साधारण १० एमबी जागा घेते. ते आणखी दाबून जागा फारशी वाचत नाही आणि आधीच पुसट असलेले चित्र आणखी पुसट होते. डिस्कमधल्या ‘एमपेगएव्ही’ या फोल्डरमधली डीएटी फाईल उतरवून घ्यावी; टॅबलेटवर व्हीएलसी ॲप असेल, तर ती बहुधा तशीच चालते.

डिस्क मध्येच अडकते. रूपांतर होईल का?

आधी मऊ सुती कापडाने डिस्क मध्यापासून कडेकडे सरळ रेषेत पुसावी, गोल गोल पुसू नये. त्यानंतर थेट रूपांतर न करता डिस्कवरचे ‘व्हिडिओ-टीएस’ हे संपूर्ण फोल्डर हार्ड डिस्कवर उतरवावे आणि तेथून रूपांतर करावे, म्हणजे प्रत्येक चाचणीसाठी झिजलेली डिस्क पुन्हा फिरवावी लागत नाही. एका ड्राइव्हवर न वाचली गेलेली डिस्क दुसऱ्यावर वाचली जाते, असे अनेकदा होते. घरच्या डीव्हीडी रेकॉर्डरवर भरलेली डिस्क संगणकावर रिकामी दिसत असेल, तर ती ‘फायनलाइझ’ करायची राहिली असावी. तोच रेकॉर्डर चालू स्थितीत असेल, तर हे काम आजही करता येते.

विकत आणलेल्या चित्रपटांच्या डीव्हीडीही अशाच करता येतील का?

त्या डिस्कना बहुधा डिजिटल कुलूप असते आणि हँडब्रेक ते स्वतः उघडत नाही. कॉपीराइट कायदा, १९५७ मध्ये २०१२ च्या दुरुस्तीने आलेले कलम ६५अ हक्कभंगाच्या हेतूने असे कुलूप तोडण्याला शिक्षा सांगते, त्यामुळे येथे आम्ही घरगुती चित्रीकरणापुरतेच बोलतो. पैसे देऊन करवून घेतलेल्या लग्नाच्या चित्रीकरणाबाबत त्याच कायद्याचे कलम १७ असे सांगते की वेगळा करार नसेल, तर त्याचा पहिला मालक ते करवून घेणारा असतो. मागे टाकलेल्या चित्रपटगीतांचे हक्क मात्र त्यात येत नाहीत.

टॅबलेटसाठी फाईल झाली. मूळ डिस्क आता टाकून द्यावी का?

अजिबात नाही. टॅबलेटची फाईल पाहण्यासाठी आहे, जपण्यासाठी नाही. एकाच फाईलकडून या दोन्ही अपेक्षा केल्या की ती पाहायला फार जड आणि जपायला फार हलकी होते. डिस्कची जशीच्या तशी प्रत, म्हणजे आयएसओ फाईल, बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवावी. १ टीबीच्या हार्ड डिस्कवर एका थराच्या सुमारे दोनशे डिस्क मावतात, म्हणजे बहुतेक घरांचे सगळे चित्रीकरण एकाच हार्ड डिस्कवर येते. ही प्रत हाताशी असली की टॅबलेटच्या फाईलमध्ये काटकसर करताना हात आखडण्याचे कारण उरत नाही. मूळ डिस्क उभ्या, डब्यात आणि पत्र्याखालच्या माळ्यापासून दूर ठेवाव्यात. आपल्याकडच्या उन्हाळ्यात त्या माळ्यावर लेखनाचा थर लवकर खराब होतो.

कार्डवर भरपूर जागा असूनही फाईल कॉपी होत नाही. का?

३२ जीबी आणि त्याहून लहान कार्डे बहुधा एफएटी३२ या रचनेची असतात आणि त्या रचनेत एक फाईल ४ जीबीपेक्षा मोठी चालत नाही. कार्ड एक्सएफएटी रचनेत फॉरमॅट करावे. ६४ जीबी आणि त्यापुढची कार्डे त्याच रचनेत येतात. फॉरमॅट केल्याने कार्डवरचे सगळे पुसले जाते, आणि काही जुने टॅबलेट ही रचना ओळखत नाहीत. तसे असेल, तर लग्नाचे दोन भाग करावेत, हळद व सीमांतपूजन एका फाईलमध्ये आणि लग्न व वरात दुसरीत. हँडब्रेकमध्ये त्यासाठी ‘चॅप्टर’ची मर्यादा देता येते.